मागच्या सीटला ना गार हवा, ना गरम. एसीवाला म्हणतो कॉम्प्रेसर बदला (सातारा)

माहुलीसंगम

नमस्कार मंडळी. गाडी सात सीटची, डिझेल, जुनी पण घरच्यांच्या जिवाची. मागचा एसी वेगळा आहे. त्याचं युनिट तिसऱ्या रांगेच्या डाव्या बाजूला, प्लास्टिकच्या पॅनलमागे, आणि मधल्या-शेवटच्या रांगेसाठी छताला झरोके. पुढं बसणाऱ्याला स्वेटर घालावा वाटतो आणि मधल्या रांगेत सासूबाई पदरानं वारा घेत असतात. त्यांना अधूनमधून मिरजेला तपासणीसाठी न्यावं लागतं. एप्रिलमधल्या दुपारी पेठ नाक्याला वळून सांगलीच्या रस्त्याला लागलं की मागं बसवत नाही. पंख्याचा जोर आहे, आवाज आहे, गारवा तेवढा नाही.

दर उन्हाळ्यात एसीवाल्याकडे नेते, तो गॅस भरतो, महिना-दीड महिना मागंही छान गार होतं आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. यंदा म्हणाला, कॉम्प्रेसर गेलाय, नवा टाकावा लागेल. आकडा ऐकून गाडी तशीच घरी आणली.

हिवाळ्यात उलटं रडगाणं. डिसेंबरात महाबळेश्वरला गेलो होतो. पुढं पाय शेकून निघतील इतकी ऊब आणि मागं पोरं शालीत गुंडाळलेली. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय की पुढच्या सीटखालून मागच्यांच्या पायाशी गरम हवा येते. आमच्याकडे फुंकरसुद्धा येत नाही.

गार आणि गरम दोन्ही मागं बंद, म्हणजे दोष एकच असेल का? कॉम्प्रेसरला पैसे घालण्याआधी काय काय बघून घ्यावं?

शंभरफुटी

रागावू नका, आधी पोरखेळ वाटेल असं विचारतो. डॅशबोर्डवरचं 'रिअर'चं बटण चालू असतं ना? आमच्या मेव्हण्यानं मागचा एसी बंद म्हणून अख्खं सांगली पालथं घातलं होतं. शेवटी बटण निघालं.

दुसरं, तिसऱ्या रांगेजवळ खाली जाळी असेल, तिथून मागचं युनिट हवा आत ओढतं. तिथं पोती-पिशव्या रचल्या असतील तर पंखा नुसता घरघरतो.

माहुलीसंगम

बटण चालू असतं, दिवा लागतो. जाळीपुढं गावाकडच्या तांदळाच्या पिशव्या होत्या, त्या आज काढल्या. हवेचा जोर थोडा वाढल्यासारखा वाटतोय, गारवा नाहीच.

मिरजगॅरेज

ताई, एसीचंच काम करतो म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे गार आणि गरम यांची गाठ मारू नका. गरम हवा इंजिनच्या पाण्यावर, म्हणजे कुलंटवर येते. ते गरम पाणी डॅशबोर्डमागच्या हीटर कोअरमधून फिरतं, त्यावरून पंखा हवा ढकलतो. त्यात एसीच्या गॅसचा किंवा कॉम्प्रेसरचा संबंध नाही. काही मोठ्या गाड्यांत मागं स्वतंत्र हीटर कोअर असतो आणि त्याच्या पाण्याचे पाइप गाडीखालून जातात. तुमचं वर्णन वाचता तुमच्यात तसं नाही, पुढचीच गरम हवा डक्टनं मागं नेलेली आहे. पुढं ऊब भरपूर आणि मागं शून्य म्हणजे पाणी, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारा व्हॉल्व्ह), हीटर कोअर सगळं ठीक. हवा वाटेत अडलीय किंवा डक्ट कुठंतरी निसटलाय.

आता एसी. कॉम्प्रेसर एकच असतो. तिथून दाबलेला गॅस पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, गार होऊन द्रव होतो आणि मग दोन वाटांनी जातो, एक पुढच्या कूलिंग कॉइलकडे, दुसरी गाडीच्या पोटाखालून मागच्या कॉइलकडे. प्रत्येक कॉइलच्या तोंडाशी आपापला एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, तो द्रव बारीक तोंडातून आत सोडतो, तिथं दाब उतरतो आणि कॉइल गार पडते. कॉम्प्रेसर खरंच बसला असता तर पुढचाही गारवा मेला असता. तुमचं पुढचं तर कडक आहे.

गॅस कमी पडला की दोन कॉइलवाल्या गाडीत बऱ्याचदा मागचं आधी बोंबलतं, कारण ती वाट लांबची. आणि तुम्ही स्वतःच लिहिलंय की गॅस भरल्यावर महिनाभर मागंही छान गार होतं. म्हणजे मागचा व्हॉल्व्ह चालतोय, कॉइल चालतेय, पंखा चालतोय. एसीचा गॅस जळून संपत नाही, बंद चक्रात फिरत राहतो. महिन्याभरात कमी होतो म्हणजे गळतोय, आणि तोही बऱ्यापैकी. तुमच्या माणसानं आजवर गळती कुठं आहे ते एकदा तरी शोधलं का, हे विचारा.

दोन गोष्टी सांगा. गाडी उभी असताना जास्त त्रास की चालतानाही तेवढाच? आणि चालताना मध्येच हवेचा जोरच कमी होतो का?

माहुलीसंगम

उभी असो, चालती असो, सारखंच. जोर कमी होत नाही. गळती त्यानं शोधलेली नाही. 'जुन्या गाडीचा गॅस उडतोच' असं म्हणतो.

मिरजगॅरेज

बरं. उभ्या गाडीत बिघडून हायवेला सुधारलं असतं तर कंडेन्सरचा पंखा किंवा चिखलानं-किड्यांनी भरलेली जाळी, असा संशय घेतला असता. तासाभरानं जोर मरून, एसी थोडा वेळ बंद ठेवल्यावर परत आला असता तर कॉइलवर बर्फ धरतोय असं म्हटलं असतं. दोन्ही नाही. गळतीच.

'उडतोच' म्हणजे काय राव! रबरी होजमधून अगदी किंचित झिरपतो हे खरं, पण त्याला वर्षं लागतात.

हळदबाजार

ताई, एवढं कशाला? माझ्या गाडीचा मागचा पाइप गळत होता. मेकॅनिकनं पुढं बोनेटमध्येच मागच्या फाट्याला बुच मारलं. मागचा एसी बंद, पुढचा टकाटक. हजार-बाराशेत विषय संपला. मागच्यांसाठी पुढचे झरोके वर करायचे आणि एक यूएसबीचा पंखा लावायचा.

निवांत_वाई

हळदबाजार, तुमच्या गाडीत मागं कोण बसतं? इथं आजारी माणूस मधल्या रांगेत बसून चाळीस अंशांत प्रवास करतंय. पुढच्या झरोक्यांची हवा दोन सीटांच्या पाठींना आपटून तिथंच फिरते.

आणि बुच मारायचंच असेल तर गॅसचं वजन बदलतं, हे लक्षात घ्यावं. बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेला आकडा दोन्ही कॉइल आणि लांब पाइप धरून असतो. मागची वाट तोडून तेवढाच गॅस भरला तर हाय साइडचा, म्हणजे कॉम्प्रेसरनं दाबून पुढं सोडलेल्या बाजूचा, दाब वाढतो आणि कॉम्प्रेसर कण्हायला लागतो.

हळदबाजार

माझ्या मागं हळदीची पोती बसतात, ती तक्रार करत नाहीत. मान्य, प्रत्येकाची गरज वेगळी. पण स्वस्तात भागतं एवढंच सांगायचं होतं.

पसरणीघाट

हीटरवर मी बोलतो. पाचगणी-महाबळेश्वर टॅक्सी चालवतो, थंडीत वेण्णा लेकच्या बाजूला पहाटे गाडीच्या टपावर दव गोठतं, तेव्हा हीटरची किंमत कळते.

ताई, तुम्ही गाडीला नवी मॅट टाकली का? ती जाड चामड्यासारखी, सगळीकडून वर वळलेली, सेव्हन डी का काय म्हणतात ती? ड्रायव्हरच्या सीटखाली मागच्या बाजूनं हात घालून बघा. प्लास्टिकचं चपटं तोंड लागतंय का? आमच्या स्टँडवर निम्म्या गाड्यांत ती मॅट त्या तोंडावरच बसवलेली आहे. बसवणारं पोरगं कापायचा कंटाळा करतं.

आणि जाता जाता सांगतो, ज्यांच्या गाडीत पुढंपण ऊब येत नाही त्यांनी थर्मोस्टॅट बघा. उन्हाळ्यात गाडी गरम झाली की काही मेकॅनिक थर्मोस्टॅट काढूनच टाकतात, 'व्हॉल्व्ह काढला, आता काळजी नाय' म्हणतात. मग हिवाळ्यात घाट उतरताना इंजिन तापतच नाय, काटा अर्ध्याच्या खालीच लोळतो आणि हीटर कोमट वारा सोडतो. वर डिझेलपण जास्त खाते. पाणी कमी असलं किंवा लाइनीत हवा धरली तरी तसंच होतं.

माहुलीसंगम

पसरणीघाट दादा, तुमच्या तोंडात साखर पडो. दोन्ही पुढच्या सीटखाली मॅटचा वळवलेला काठ बरोबर त्या तोंडावर होता. एका बाजूला तर तोंडात शेंगदाण्याची टरफलं, पेन्सिलचा तुकडा आणि एक चॉकलेटचा कागद. कात्रीनं मॅटला खिडकी पाडली, चिमट्यानं कचरा काढला. इंजिन तापवून हीटर लावला, पायाकडचा बाण निवडला, तर मागं व्यवस्थित ऊब येतेय. भर एप्रिलात हीटर लावून बसलेली बघून शेजारी विचारत होते, सगळं बरं आहे ना.

म्हणजे अर्धं काम फुकटात झालं. आता गारव्याचं बघते.

निवांत_वाई

छान. आता अंदाजावर न जाता मोजा. स्वयंपाकघरातलं किंवा मेडिकलमधलं नको, तार असलेलं डिजिटल थर्मामीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतं. गाडी सावलीत, काचा बंद, हवा आतल्या आत फिरवणारं बटण चालू, इंजिन १५०० आरपीएमच्या आसपास. दहा मिनिटांनी पुढच्या मधल्या झरोक्यात आणि मागच्या झरोक्यात तार घालून आकडे लिहा.

गेजबद्दल, म्हणजे एसीवाला गॅसचा दाब बघायला जी दोन घड्याळं लावतो त्यांच्याबद्दल, एक सांगून ठेवतो, कारण तिथं बरेच जण फसतात. एक लो साइडचं, कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचं, दुसरं हाय साइडचं. गाडी बंद असताना दोन्ही गेज सारखाच दाब दाखवतात आणि तो फक्त तापमानावर ठरतो. आर१३४ए या गाडीच्या एसीतल्या गॅसला ३० अंशांवर साधारण ९७ पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच माप). आत थोडासा द्रव शिल्लक असला तरी तेवढाच दिसणार, पूर्ण भरलेला असला तरी तेवढाच. त्यामुळे बंद गाडीचा गेज दाखवून 'गॅस फुल आहे, म्हणजे कॉम्प्रेसर गेला' असं कोणी म्हटलं तर हसून निघायचं.

मिरजगॅरेज

+१. चालू गाडीत, ३५ अंशांच्या आसपासच्या हवेत, लो साइड ३० ते ४० आणि हाय साइड २०० ते २५० पीएसआय असलं की मी खूश असतो. कॉम्प्रेसर खरंच थकला असेल तर लो साइड वरच राहते आणि हाय साइड चढत नाही, दोन्ही काटे एकमेकांकडे सरकतात. दोन्ही एकदमच खाली असतील तर गॅस कमी. ताई, तुमच्या एसीवाल्याला हे दोन आकडे विचारा. नुसतं 'गेला' म्हणणं चालणार नाही.

माहुलीसंगम

बाहेर ३६ अंश. पुढं ९, मागं २१. पॅनलच्या फटीतून मागच्या युनिटचे पाइप हाताला लागतात, जाडा पाइप जेमतेम थंड आहे. पुढं बोनेटमधल्या जाड्या पाइपला मात्र घाम फुटलाय. गेजचे आकडे विचारले तर एसीवाला म्हणाला, 'मॅडम, तुम्ही इंटरनेट वाचून आलाय.'

शंभरफुटी

मग म्हणायचं, हो, आणि वाचूनच जाणार आहे, दुसऱ्याकडे.

कासपुष्प

मध्येच विचारते, ते गळती बुजवणारं औषध मिळतं ना कॅनमध्ये, गॅसबरोबर सोडायचं? ते टाकून बघायला काय हरकत आहे?

मिरजगॅरेज

हरकत आहे. ते हवेतल्या ओलाव्याला लागलं की घट्ट होतं. भोकाशी घट्ट झालं तर ठीक, पण सिस्टिममध्ये कुठं ओल राहिली असेल तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडाशीही घट्ट होतं, आणि पुढच्या मेकॅनिकच्या गॅस काढायच्या-भरायच्या मशिनमध्ये गेलं तर त्याचं मशिन बसतं. मी असली गाडी मशिनला लावत नाही. रस्त्यावर मिळणाऱ्या बिननावाच्या गॅसच्या कॅनपासूनही लांब राहा. आत नक्की काय आहे कळत नाही, काहींत तर पेट घेणारा गॅस असतो.

ताई, आता गाडी रॅम्पवर चढवून खालून बघा. मागच्या एसीचे दोन ॲल्युमिनियमचे पाइप, एक जाड एक बारीक, बोनेटपासून मागच्या चाकापर्यंत जातात. मध्ये मध्ये रबर घातलेल्या पट्ट्यांनी, क्लॅम्पनी, धरलेले असतात. उसाच्या रस्त्याचा चिखल त्या रबरात जाऊन बसतो, पाणी धरून ठेवतो आणि आतल्या आत ॲल्युमिनियम खातो. बाहेरून काही दिसत नाही. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही थोडं थोडं बाहेर येतं, त्यामुळे तिथली धूळ तेलकट होते. तोच माग.

माहुलीसंगम

वाढे फाट्याकडच्या एका गॅरेजमध्ये गाडी वर चढवली. माणूस शांत होता, टॉर्च माझ्याच हातात दिला. सगळ्या पाइपांवर मातकट, कोरडा थर, बोट फिरवलं की भुकटी पडते. डाव्या मागच्या चाकाच्या अलीकडच्या क्लॅम्पपाशी मात्र काळपट, ओलसर पट्टा, बोटाला तेल लागलं. त्यानं क्लॅम्प सोडवून रबर सरकवलं, खाली पांढरी भुकटी आणि पाइपला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. साबणाचं पाणी लावल्यावर एका खड्ड्यातून हळूहळू बुडबुडे यायला लागले. इतकं बघून मला जे समाधान झालं ते काय सांगू! त्याच्या अलीकडच्या क्लॅम्पखालीही पांढरं धरलंय, पण तिथं अजून गळत नाही.

गेजही लावले. गाडी चालू असताना लो १८, हाय १३०. म्हणजे गॅस कमी, बरोबर ना?

आता तीन पर्याय दिलेत: आर्गॉन वेल्डिंग, खराब तुकडा कापून जोड, किंवा कंपनीचा पूर्ण पाइप. पूर्ण पाइप मागवावा लागेल. काय करू?

मिरजगॅरेज

बरोबर, गॅसच कमी. कॉम्प्रेसरची फसवणूक वाचली.

वेल्डिंग पाइप गाडीतून काढून करायचं, गाडीखाली झोपून नव्हे. पण जिथं एक भोक पडलंय त्याच्या आजूबाजूचा पाइपही आतून पातळ झालेला असतो. वेल्डरची आच लागली की शेजारी नवं भोक. तुमच्यात तर दुसऱ्या क्लॅम्पखालीही सुरुवात झालीय. एकच ठिकाण असतं तर चांगला भाग गाठेपर्यंत कापून जोड टाका म्हणालो असतो.

हळदबाजार

जोड टाकून माझ्या चुलत्याची गाडी आजही फिरतेय.

निवांत_वाई

फिरत असेल. इथं दोन ठिकाणी जोड म्हणजे गळायला चार नवी तोंडं. मी पूर्ण पाइप घेईन. पुण्याहून यायला चार दिवस लागले तर लागू देत.

मिरजगॅरेज

मीही. आणि त्या गॅरेजवाल्याला हे सांगा. सिस्टिम उघडतेय तर ड्रायर, म्हणजे गॅसमधली ओल शोषणारा डबा, नवा. प्रत्येक उघडलेल्या जोडाला नवी ओ-रिंग, एसीसाठीचीच, नळाची काळी नको, आणि ती बसवताना एसीचंच तेल लावून. मग गळती तपासायला नायट्रोजन भरून रात्रभर ठेवायचं. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा नको, त्यात ओल असते. काटा जागेवर राहिला तर अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम, म्हणजे पंपानं आतली हवा-ओल ओढून काढायची. गॅस वजनकाट्यावर, स्टिकरवरच्या ग्रॅमप्रमाणे. काच बघून, पाइपला हात लावून भरलेला गॅस मला चालत नाही.

तेलाचं विसरू नका. दर उन्हाळ्याला गॅसबरोबर तेल बाहेर गेलंय आणि तुमच्या माणसानं नुसता गॅस भरलाय. अजून दोन उन्हाळे असंच चाललं असतं तर कॉम्प्रेसर खरोखरच गेला असता.

आणि पॅनल उघडणारच असाल तर मागची कॉइल धुऊन घ्या. बऱ्याच गाड्यांत मागच्या युनिटला फिल्टरच नसतो.

पसरणीघाट

कॉइल धुताना पाणी खाली जाणारी नळी मोकळी आहे का बघा. ती तुंबली की पाणी आत सतरंजीत मुरतं आणि गाडीला कुबट वास सुटतो. पॅसेंजर नाकाला रुमाल लावतो, बोलत काय नाय.

माहुलीसंगम

झालं एकदाचं. पाइपचा सेट, ड्रायर, ओ-रिंगा, तेल, गॅस, मजुरी सगळं धरून कॉम्प्रेसरच्या निम्म्याहून कमी. नायट्रोजन रात्रभर ठेवला, सकाळी काटा जागेवर. गॅस वजनावर ८०० ग्रॅम, स्टिकरवर तेवढाच आहे. नव्या पाइपला क्लॅम्पमध्ये नवं रबर घातलंय.

मागची कॉइल उघडली तर जाळीवर केसांचा, लोकरीचा आणि धुळीचा नमद्यासारखा थर होता, सोलून काढला. बाहेर ३७ असताना पुढं ८, मागं ११. काल मिरजेला जाऊन आलो. इस्लामपूरच्या पुढं सासूबाई म्हणाल्या, 'जरा कमी कर गं, गुडघे धरतात.'

शंभरफुटी

आता मागचं बटण बंद करायची पाळी आली म्हणायची.

कासपुष्प

माझी गाडी याच जातीची, मागं अजून गार होतं, पण पॅनलमधून टकटक आवाज येतो, गाडी चालू केल्या केल्या आणि गार-गरम बदलताना. हीच सुरुवात का?

मिरजगॅरेज

नाही, ती वेगळी गोष्ट. गार-गरम हवा मिसळणारी आत एक झडप असते, ती फिरवणाऱ्या छोट्या मोटरचे प्लास्टिकचे दाते झिजले की असा टकटक आवाज येतो. गारवा आहे तोवर घाई नाही, पण झडप मध्येच अडकली तर हवा अर्धवट गार येईल आणि कोणीतरी तुम्हाला गॅस भरायला सांगेल. मोटर वेगळी मिळते. आणि पावसाळ्यानंतर गाडी कुठं सर्व्हिसिंगला चढवाल तेव्हा खालच्या क्लॅम्पमधला चिखल पाण्याच्या फवाऱ्यानं धुवायला सांगा.

कासपुष्प

धन्यवाद. सांगते.